मूल ‘अचानक’ आडवं येत नाही

रस्ता ओलांडणाऱ्या मुलाला दुचाकीची धडक बसली की बातमीत एक वाक्य हमखास येतं: ‘मूल अचानक आडवं आलं.’ वाचणाराही मान डोलावतो. पण शाळेत शिकवल्याप्रमाणे आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे बघून, लांबून येणारी दुचाकी नीट पाहून मगच पाऊल टाकणारं मूलही धडकेत सापडतं. असं का होतं, याचं उत्तर डोळ्याच्या भूमितीत आहे. शाळेची वाट सुरक्षित करायची तर आधी ही भूमिती समजून घ्यायला हवी.

शिक्षण हक्क कायद्याच्या महाराष्ट्रातल्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असायला हवी. सहा-सात वर्षांचं मूल दप्तर पाठीवर घेऊन सेकंदाला साधारण एक मीटर चालतं, म्हणजे जास्तीत जास्त सतरा मिनिटांची वाट. सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या गल्ल्यांत किंवा विडी घरकुल वसाहतीत एवढं अंतर मूल खेळत कापेल. पण त्या एका किलोमीटरमध्ये अक्कलकोट रोड, होटगी रोड किंवा विजापूर रोड आडवा आला की आई-वडील धास्तावतात आणि मुलाला रिक्षात नाहीतर स्कूटरवर बसवतात. मग शाळेच्या फाटकाशी वाहनांची गर्दी आणखी वाढते, आणि जी मुलं पायी येतात त्यांची वाट जास्तच कठीण होते.

आता डोळ्याकडे येऊ. समोरून सरळ आपल्याकडे येणारी गाडी डावीकडे सरकत नाही, उजवीकडेही सरकत नाही. ती येते आहे हे मेंदूला कळतं ते एकाच खुणेवरून: डोळ्यातली तिची प्रतिमा मोठी होत जाते. ती किती झपाट्याने मोठी होते, यावरून मेंदू धोका ओळखतो. प्रतिमेचं माप अंशांत सांगतात. हात लांब करून करंगळी डोळ्यांसमोर धरली तर तिची रुंदी अंदाजे एक अंश भरते.

समजा, हँडलसकट ७० सेंटिमीटर रुंद दुचाकी मुलापासून बरोबर ५ सेकंदांच्या अंतरावर आहे. तिचा वेग ताशी ३० किलोमीटर असेल तर ती ४२ मीटरवर असेल आणि साधारण करंगळीएवढी दिसेल. वेग ताशी ६० असेल तर ती ८३ मीटरवर, अर्ध्या करंगळीएवढी. दोन्ही गाड्या पोहोचणार ५ सेकंदांतच. मग कोणती जास्त झपाट्याने मोठी होताना दिसेल? बहुतेक जण सांगतील, वेगाची. गणित मात्र उलटं निघतं. गाडीची रुंदी ‘र’, वेग ‘व’ आणि पोहोचायला लागणारा वेळ ‘ट’ धरला तर अंतर होतं व × ट, आणि प्रतिमेचा कोन होतो र भागिले (व × ट). हा कोन दर सेकंदाला किती वाढतो ते काढलं की उत्तर येतं र भागिले (व × ट × ट). वेग छेदात गेला. म्हणजे पोहोचायला तेवढाच वेळ लागणार असेल, तर गाडी जितकी वेगवान तितकी तिची प्रतिमा सावकाश वाढते. आकडे घालून पाहिलं तर ताशी ३० च्या दुचाकीची प्रतिमा सेकंदाला ०.१९ अंशाने वाढते आणि ताशी ६० च्या दुचाकीची जेमतेम ०.१० अंशाने.

मोठ्या माणसांना ही वाढ जाणवण्याची सीमा साधारण सेकंदाला ०.१७ अंश धरतात. हळू येणारी गाडी त्या सीमेच्या जरा वर पडते, भरधाव गाडी खाली. सीमेखालची गाडी डोळ्याला दिसते, पण येताना ‘दिसत’ नाही. लांब उभी असल्यासारखी वाटते. मुलांमध्ये ही जाण पुरती विकसित झालेली नसते, त्यामुळे त्यांची सीमा आणखी वरची. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजातल्या प्रयोगांतून असा निष्कर्ष निघाला की ताशी २० मैलांहून, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरहून जास्त वेगाने येणारी गाडी प्राथमिक शाळेतल्या मुलांना खात्रीने ओळखता येत नाही. सूत्रात रुंदी वर असल्यामुळे अडीच मीटर रुंद ट्रक त्याच वेगाला साडेतीनपट ठळकपणे वाढताना दिसतो. उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मूल घाबरतं आणि दुचाकीला नाही, त्याचं एक कारण हे.

आता सात मीटर रुंदीचा रस्ता घ्या. मुलाला ओलांडायला सात सेकंद लागतात. डावीकडून ५ सेकंदांत पोहोचणारी दुचाकी येते तेव्हा मूल बरोबर पलीकडच्या अर्ध्या भागात, तिच्या वाटेत असतं. मूल बघून निघालेलं असतं. त्याला जे दिसायला हवं होतं ते दिसण्याजोगंच नव्हतं. म्हणूनच ‘नीट बघून चाल’ ही शिकवण हवीच, पण तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. वेग ताशी ३० च्या आत आणणं एवढाच खात्रीचा मार्ग उरतो.

हा ३० चा आकडा ब्रेकच्या गणितातूनही येतो. चालकाला मूल दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद धरू. प्रत्यक्षात बहुतेकदा जास्तच लागतो. कोरड्या, चांगल्या डांबरावर ताशी ३० ची गाडी या सेकंदात ८.३ मीटर जाते आणि पुढच्या ५ मीटरमध्ये थांबते. एकूण १३.३ मीटर. त्याच जागी ताशी ४० ची गाडी असती तर धडकेच्या क्षणी तिचा वेग अजून ३५ च्या आसपास असता. आणि ताशी ५० ची? तिचा तर ब्रेकच अजून लागलेला नसतो, कारण पहिल्या सेकंदातच ती १३.९ मीटर पुढे गेलेली असते. रस्त्यावर वाळू किंवा पहिल्या पावसाचा चिखल असेल तर ब्रेक लागल्यानंतरचं अंतर दुप्पट होऊ शकतं. उंचीच्या भाषेत सांगायचं तर ताशी ३० चा आघात साडेतीन मीटरवरून पडण्याएवढा, ताशी ५० चा जवळपास १० मीटरवरून, म्हणजे तीन मजल्यांवरून पडण्याएवढा. २०२० मध्ये स्टॉकहोमला झालेल्या जागतिक रस्ते सुरक्षा परिषदेच्या जाहीरनाम्यात पायी आणि सायकलने जाणारे जिथे वाहनांत मिसळतात तिथे कमाल वेग ३० ठेवण्याचा आग्रह धरला आहे.

एखाद्या वळणावर वारंवार अपघात झाले की तिथे नारळ फोडला जातो, आणि मुलं नेणाऱ्या रिक्षाला लिंबू-मिरची लटकवली जाते. लिंबाने घर्षण वाढत नाही. एकाच जागी पुन्हा पुन्हा अपघात होत असतील तर त्या जागेची मोजमापं चुकली आहेत आणि ती टेप लावून शोधता येतात. तितकाच फसवा प्रकार म्हणजे मोबाइलवर फिरणारे ‘थ्रीडी झेब्रा’, रस्त्यावर ठोकळे तरंगत असल्याचा भास देणारी रंगवलेली चित्रं. रोजच्या चालकाला तो भास आठ-पंधरा दिवसांत पाठ होतो, नवखा मात्र दचकून जोरात ब्रेक मारतो आणि मागचा त्याच्यावर आदळतो. उरतो फक्त रंगाचा खर्च.

वेग मोजायला महागडी यंत्रं लागत नाहीत. शाळेसमोर टेपने ५० मीटर मोजून दोन्ही टोकांना फक्कीची आडवी रेघ ओढायची. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर ६ सेकंद लागले तर वेग ३०, साडेचार लागले तर ४०, ३.६ लागले तर ५०. उभं राहायचं ते बाजूला, झाडाआड. चालकाला माणूस दिसला की तो आपोआप हळू होतो आणि मोजणी खोटी ठरते. शाळा भरताना आणि सुटताना मिळून शंभर वाहनं मोजावीत, वेग चढत्या क्रमाने लिहावेत आणि पंच्याऐंशिवा आकडा पाहावा. रस्त्याचे अभियंते हाच आकडा मानतात. सरासरी सांगू नये. सरासरी २९ असली तरी पंधरा जण पन्नासने जात असू शकतात, आणि मुलाला त्यांच्यापासूनच धोका असतो.

जागा कोणत्या निवडायच्या हे मात्र मुलांनाच विचारावं. डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात १९७० च्या दशकात शाळेच्या सुरक्षित वाटांचं काम सुरू झालं तेव्हा धोक्याच्या जागा मुलांकडूनच समजून घेतल्या होत्या. कुठे कुत्री असतात आणि कुठे चेंबरचं झाकण हलतं, हे मुलांना जितकं माहीत असतं तितकं कुणालाच नसतं.

वेग उतरवणारं साधन म्हणजे गतिरोधक. पण आपल्याकडे रातोरात टाकला जाणारा डांबराचा उंचवटा हा गतिरोधक नव्हेच. तीस-चाळीस सेंटिमीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर उंच असा तो वरवंटा हळू जाणाऱ्याला जास्त छळतो. सावकाश गेलं तर चाक पूर्ण चढून पूर्ण आपटतं. सायकलवरचं मूल आणि रिक्षातली गरोदर बाई दोघांनाही हिसका बसतो. भरधाव गाडीला मात्र तो ओलांडायला सेकंदाचा अगदी छोटा अंश लागतो. धक्का टायर आणि स्प्रिंग गिळतात, वरच्या माणसाला फारसं कळतही नाही. ब्रिटनच्या वाहतूक आणि रस्ते संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला यावर अभ्यास केला आणि रुंद, गोलसर गतिरोधक सुचवला. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शिकेतलं मापही तेच: ३.७ मीटर रुंद, मध्ये १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा, ताशी २५ किलोमीटर वेगासाठी.

त्रिज्या १७ च का, हे पाहण्यासारखं आहे. वर्तुळावरून जाताना वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागलं की उभ्या दिशेचा प्रवेग मिळतो. ताशी २५ ला तो गुरुत्वाकर्षणाच्या तीन दशांशाहून थोडा कमी भरतो, म्हणजे पोटात हलकंसं होतं, इतकंच. ताशी ४० ला पाऊण. ताशी ४६-४७ ला तो गुरुत्वाकर्षणाएवढा होतो, आणि चाकांवरचा भार कागदावर शून्य होतो. स्प्रिंगमुळे प्रत्यक्षात आकडा थोडा बदलतो, पण शिक्षा वेगाच्या वर्गाने वाढते हे खरं, आणि हळू जाणाऱ्याला ती जवळजवळ होतच नाही. बांधताना डोळ्याने गोलाई येत नाही. प्लायवुडचा साचा कापून घ्यावा: मध्यावर १० सेंटिमीटर, मध्यापासून अर्ध्या मीटरवर ९.४, एक मीटरवर ७.२, दीड मीटरवर ३.५ आणि १.८५ मीटरवर शून्य. साचा नसला की कामगार मध्ये ढीग करतो, रोलर कडा दाबतो आणि पुन्हा वरवंटाच तयार होतो. ४० मीटर आधी पाटी आणि वर रात्री चमकणारे पट्टे हवेतच. दोन गतिरोधकांमध्ये १०० ते १२० मीटर अंतराची शिफारस आहे, पण दुचाकी २५ वरून निघून ५० मीटरमध्ये सहज पन्नाशी गाठते; शाळेसमोर हे अंतर ६० ते ८० मीटरवर आणणं बरं. पाणी जायला कडेला फट सोडली की सगळ्या दुचाक्या त्या फटीतून, म्हणजे पायी चालणाऱ्यांच्या अंगावरून जातात. पाण्यासाठी खालून पाइप टाकावा. बोल्टने बसवलेले रबरी तुकडे टाळावेत. तुकडा निखळतो आणि बोल्ट वर उभा राहतो.

मूल जिथे ओलांडतं तिथे सपाट माथ्याचा गतिरोधक करून त्याच्यावरच झेब्रा आखावा. मूल फूटपाथच्याच पातळीवर चालत जातं आणि दहा सेंटिमीटर उंचही दिसतं. तेवढी उंचीही कामाची असते. पहिलीतल्या मुलाची उंची ११५ सेंटिमीटरच्या आसपास, उभ्या कारची दीड मीटर, रिक्षाची त्याहून जास्त. झेब्र्याच्या आधी निदान १० मीटर एकही वाहन उभं राहता कामा नये. पाटी लावून हे साधत नाही. तिथे फूटपाथच दोन मीटर बाहेर काढला तर गाडी लावायला जागा उरत नाही, मूल उभ्या गाड्यांच्या रांगेच्या कडेपर्यंत येऊन उभं राहतं आणि ओलांडायचं अंतरही कमी होतं. सातऐवजी पाच मीटर म्हणजे दोन सेकंद वाचले. फूटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी. मध्ये विजेची डीपी, खांब किंवा टपरी आली की मूल रस्त्यावर उतरतंच.

सोलापुरात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते: सावली. एप्रिलच्या मध्याला भर दुपारी सूर्य इथे क्षितिजापासून ८२ अंश वर असतो. पूर्व-पश्चिम धावणाऱ्या तीन मीटर उंच भिंतीची सावली जेमतेम ४० सेंटिमीटर पडते. सावलीसाठी झाडच लागतं. एका बाजूला कडुनिंबांची ओळ आणि दुसरी बाजू उघडी असेल तर मुलं सावलीसाठी रस्ता ओलांडतात, तेही झेब्रा सोडून कुठेही. म्हणून जिकडे शाळा तिकडेच झाडं लावावीत आणि झेब्र्याजवळ खालच्या फांद्या सव्वादोन मीटरपर्यंत छाटाव्यात.

सायकलवाल्या मुलांसाठी एक काम लगेच होण्यासारखं आहे: गटारावरच्या जाळ्या पाहाव्यात. गज रस्त्याच्या दिशेने उभे असतील तर सायकलचं चाक फटीत रुततं आणि मूल हँडलवरून पुढे फेकलं जातं. जाळी काढून काटकोनात फिरवून बसवली, किंवा आडवे गज वेल्ड केले, की झालं.

गतिरोधक बसल्यावर तीन आठवड्यांनी आणि पुन्हा तीन महिन्यांनी त्याच दोन रेघांवर शंभर वाहनं मोजावीत. वर्षा-दोन वर्षांनी पंच्याऐंशिवा आकडा पुन्हा तिशीच्या वर सरकला तर चालकांना दोष देण्याआधी दोरी ताणून गतिरोधकाची उंची मोजावी. शेजारच्या रस्त्यावर डांबराचा चार सेंटिमीटरचा नवा थर चढला असेल, तर दहाचे सहाच उरलेले असतात.