बॅलन्स शाफ्ट काढले, मग क्रँक पुन्हा बॅलन्स करायची का?

इंजिन गाडीबाहेर आलंय, पुढचं कव्हर उघडलंय आणि बॅलन्स शाफ्ट, म्हणजे इंजिनाची थरथर मारायला बसवलेले वजनदार फिरते दांडे, काढून टाकायचं ठरलंय. तेवढ्यात कुणीतरी शंका काढतं: मग क्रँक (पिस्टनच्या वर-खाली होण्याचं फिरण्यात रूपांतर करणारा मुख्य दांडा) पुन्हा बॅलन्सिंगला, म्हणजे तिची वजनं समतोल करायला, टाकावी लागेल ना? मित्सुबिशीच्या ४जी६३ या दोन लिटरच्या इंजिनावर काम करणाऱ्यांमध्ये हा वाद जुना आहे. एका रांगेत चार सिलिंडर असलेल्या इंजिनापुरतं उत्तर 'नाही' असंच आहे. पण शंका काढणाराही वेडा नसतो. तो दुसऱ्याच जातीच्या इंजिनाचा नियम इथे लावत असतो. ही सरमिसळ कुठून आली हे पाहायचं तर सव्वाशे वर्षं मागे, बर्मिंगहॅमला जावं लागतं.

तिथे फ्रेडरिक लँचेस्टर (१८६८–१९४६) नावाचा इंजिनिअर गाड्या बनवत होता. त्याच्या सुरुवातीच्या दोन सिलिंडरच्या इंजिनात त्याने एक नाही, दोन क्रँक बसवल्या होत्या, त्याही एकमेकींच्या उलट फिरणाऱ्या. एकीचा हिसका दुसरीने गिळायचा. थरथर मारायची असेल तर तिच्यासमोर तेवढीच उलटी थरथर उभी करायची, हा विचार त्याच्या डोक्यात तेव्हापासूनच होता. पुढे, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, त्याने हाच विचार चार सिलिंडरच्या इंजिनासाठी वेगळ्या रूपात मांडला: क्रँकच्या खाली शेजारी शेजारी दोन छोटे शाफ्ट, दोघांवर एका बाजूला वजन, फिरायचं एकमेकांच्या उलट आणि क्रँकच्या दुप्पट वेगाने.

दुप्पट का, यातच आपल्या प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून इथे जरा थांबू.

भिंतीला टेकवलेल्या शिडीचा पाय बाहेर सरकला की तिचं वरचं टोक खाली येतं. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचंही तसंच होतं. क्रँक पाव फेरा फिरते तेव्हा रॉड तिरपा होतो आणि त्या तिरपेपणामुळे पिस्टन अपेक्षेपेक्षा खाली असतो. ४जी६३ चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरपासून खालपर्यंतची धाव, ८८ मिमी आणि रॉड १५० मिमी. पाव फेऱ्यानंतर पिस्टन ४४ मिमी खाली असायला हवा, प्रत्यक्षात तो साडेपन्नास मिमी उतरलेला असतो. म्हणजे वरच्या टोकाजवळ पिस्टन झटकन वळतो आणि खालच्या टोकाजवळ रेंगाळत. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन वर असताना दोन खाली असतात. वरच्या दोघांचा हिसका मोठा आणि खालच्या दोघांचा लहान. वजाबाकी करून जे उरतं ते अख्ख्या इंजिनाला वर उचलू पाहतं. अर्ध्या फेऱ्याने जोड्यांची अदलाबदल होते आणि पुन्हा तेच. एका फेऱ्यात दोनदा.

हा हिसका किती मोठा? प्रत्येक सिलिंडरमागे वर-खाली होणारं वजन ६०० ग्रॅम धरलं तर ६००० आरपीएमला तो साडेबाराशे किलोच्या घरात जातो, सेकंदाला २०० वेळा. ३००० आरपीएमला त्याच्या चौथाई. आयडलिंगला मात्र जेमतेम वीस किलो.

आता क्रँकवरच्या वजनांकडे पाहा. ती क्रँकसोबत फिरतात, फेऱ्यात एकदाच. फेऱ्यात दोनदा येणाऱ्या धक्क्याला ती उत्तर देऊच शकत नाहीत. त्यांचं काम वेगळं: क्रँकपिन (रॉड जिथे क्रँकवर बसतो ती जागा) आणि रॉडचा तिथला मोठा डोळा यांचं फिरतं वजन सांभाळायचं. ते काम शाफ्ट असोत वा नसोत, तसंच चालू राहतं. शाफ्ट काढले की बिघडतं ते रॉडच्या भूमितीतून येणाऱ्या हिसक्याचं गणित, क्रँकचं नाही. बॅलन्सिंग मशीनवर क्रँक चढवली तरी मशीनला दुरुस्त करण्यासारखं काही सापडणार नाही.

लँचेस्टरची कल्पना १९२० च्या दशकात व्हॉक्सहॉलसारख्या कंपनीने मोठ्या चार सिलिंडर इंजिनांत वापरली आणि मग ती बराच काळ अडगळीत पडली. अमेरिकेत मोठी गाडी म्हणजे सहा किंवा आठ सिलिंडर आणि रांगेतल्या सहा सिलिंडरच्या इंजिनात हे हिसके आपोआप एकमेकांना मारतात. युरोपात चार सिलिंडर होते, पण इंजिनं लहान, त्यामुळे थरथर चालून जायची. १९७३ च्या तेलटंचाईनंतर हिशोब पालटला. अमेरिकी गिऱ्हाइकाला कमी पेट्रोल पिणारे चार सिलिंडर हवे होते, पण जोर मोठ्या इंजिनाचा आणि बसायला सहा सिलिंडरचा आराम. १९७५ मध्ये मित्सुबिशीने ॲस्ट्रॉन ८० इंजिनात दोन शाफ्ट घातले आणि त्याला 'सायलेंट शाफ्ट' म्हटलं. त्यांची भर अशी की दोन्ही शाफ्ट एका पातळीत न ठेवता एक वर आणि एक खाली बसवला. त्यामुळे उभ्या हिसक्याबरोबरच इंजिनाचं डावं-उजवं डुलणंही कमी झालं. याच घराण्यातलं २.६ लिटरचं इंजिन १९८१ च्या क्रायस्लरच्या के-कारमध्ये गेलं. पोर्शेने ९४४ या स्पोर्ट्स कारसाठी अडीच लिटरचे चार सिलिंडर ठरवले तेव्हा पेटंट मित्सुबिशीकडे होतं, म्हणून परवाना घेतला. स्टुटगार्टच्या कंपनीने थरथर मारायला जपानकडे जावं, याची मला अजून गंमत वाटते.

मग शाफ्ट काढायची हौस कशी आली? ४जी६३ मध्ये एक शाफ्ट क्रँकवरून येणाऱ्या छोट्या वेगळ्या बेल्टवर चालतो. दुसरा ऑइल पंपाच्या गिअरला जोडलेला असतो आणि पंपाच्या दोन गिअरमुळेच त्याची दिशा उलटते. हा छोटा बेल्ट जुना होऊन तुटला की त्याचे तुकडे शेजारच्या टायमिंग बेल्टमध्ये (व्हॉल्व्हची उघडझाप क्रँकशी जुळवून ठेवणारा पट्टा) जाऊ शकतात, टायमिंग बेल्ट उडी मारतो आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. वीस-पंचवीस किलोमीटरवर कॉलेजला जाणाऱ्या गाडीसाठी हा धोका क्वचितचा. टर्बोचा दाब वाढवून ट्रॅकवर पळवणाऱ्याला तो परवडत नाही. शिवाय दुप्पट वेगाने फिरणारं वजन काढलं की इंजिन हलकेपणाने आरपीएम घेतं. म्हणून शाफ्ट काढायचे किट बाजारात आले: बेल्ट नाही, एक शाफ्ट नाही आणि दुसऱ्याच्या जागी पंपाचा गिअर धरून ठेवणारा आखूड शाफ्ट.

गंमत अशी, की जो शाफ्ट काढतो तो बहुधा त्याच वेळी फोर्ज्ड (ठोकून घडवलेले, जास्त मजबूत) पिस्टन आणि नवे रॉडही टाकतो. त्यांची वजनं जुळवायला आणि क्रँक तपासायला इंजिन बॅलन्सिंगला जातंच. बिलावर दोन्ही कामं शेजारी शेजारी लिहिलेली दिसली की दुसरं पहिल्यामुळे करावं लागलं असा समज होतो.

दुसरा गोंधळ शब्दांचा. अमेरिकेत क्रँकच्या पुढच्या पुलीतल्या रबरी डँपरला 'हार्मोनिक बॅलन्सर' म्हणतात. तो क्रँकची पीळ खाण्याची थरथर मारतो आणि पीळ मारणारा डँपरही लँचेस्टरच्याच डोक्यातून निघाला. त्यात भर म्हणजे फोर्ड ३०२ सारख्या व्ही-८ इंजिनांत क्रँकचं काही वजन मुद्दाम फ्लायव्हील आणि या पुलीवर ठेवलेलं असतं: आधी २८ औंस-इंच (असंतुलन मोजायचं एकक), १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ५०. तिथे चुकीची पुली बसवली की क्रँक खरंच असंतुलित होते. 'बॅलन्सर बदललास तर क्रँक बघ' हा सल्ला त्या इंजिनांसाठी सोळा आणे खरा. मित्सुबिशीच्या शाफ्टपर्यंत येताना फक्त नाव टिकलं, अर्थ गळून पडला.

अपवादही आहेत आणि ते आपल्या रस्त्यांवरच फिरतात. चाकणला बजाजच्या कारखान्यात बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकला एकच सिलिंडर आहे. तिथे बॅलन्सर शाफ्ट क्रँकच्याच वेगाने, पण उलटा फिरतो. पिस्टनचा अर्धा हिसका क्रँकवरचं वजन घेतं, उरलेला अर्धा हा शाफ्ट. दोघांची वाटणी एकत्र ठरवलेली असते. तो काढला तर क्रँकचं वजन नव्याने ठरवावं लागेल आणि तरीही थरथर जाणार नाही, फक्त तिची दिशा बदलेल. जुन्या बुलेटमध्ये असा शाफ्टच नव्हता. ज्या धकधकीवर लोक जीव टाकतात, तिच्यात हा न मारलेला हिसकाही मिसळलेला आहे. तीन सिलिंडरमध्येही शाफ्टचं क्रँकशी असंच नातं असतं. फोर्डच्या एक लिटर इकोबूस्टमध्ये तर शाफ्टच नाही: फ्लायव्हील आणि पुढची पुली जाणूनबुजून असंतुलित ठेवलेली आहेत, म्हणजे हिसका इंजिन पेलणाऱ्या रबरी माउंटिंगला सोसेल अशा दिशेला वळतो. तिथे कुणी 'नीट बॅलन्स केलेलं' फ्लायव्हील टाकलं तर गाडी जास्तच हलेल.

४जी६३ कडे परत. तिथे खरी चूक बॅलन्सिंगची नसते, ती इतर तीन ठिकाणी होते. एक: छोटा बेल्ट तुटल्यावर तो तसाच काढून गाडी चालवणं. मग ऑइल पंपावरचा एकटाच शाफ्ट फिरत राहतो. त्याच्या आडव्या धक्क्याला मारणारा जोडीदार नसल्याने इंजिन आता बाजूलाही हलतं. काढायचे तर दोन्ही. दोन: शाफ्ट ठेवले असतील तर ऑइल पंपाच्या पुलीवरची खूण जुळूनही शाफ्ट अर्धा फेरा चुकलेला असू शकतो. म्हणून ब्लॉकच्या बाजूचा प्लग काढून त्यातून आठ मिमीचा स्क्रूड्रायव्हर घालून बघतात. साठ मिमी आत गेला तर बरोबर, वीस-पंचवीसवर अडला तर पुली आणखी एक फेरा फिरवायची. तीन, आणि सगळ्यांत महागात पडणारी: शाफ्टच्या बेअरिंगला तेल देणारी ब्लॉकमधली भोकं उघडी ठेवणं. तेल तिथून वाहून जातं, दाब पडतो आणि रॉडच्या बेअरिंगला तेल पोचत नाही. म्हणून जुनी बेअरिंग फिरवून बसवतात, म्हणजे त्यांचं भोक ब्लॉकच्या भोकासमोर येत नाही. हे नीट केलं की काही इंजिनांत उलटीच तक्रार येते: शाफ्टकडे जाणारं तेल वाचल्याने दाब जास्त होतो आणि मग जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हचा मार्ग घासून मोठा करावा लागतो.