इंडिकेटर भराभर लुकलुकतोय? आधी बल्ब बघा

‘एका बाजूचा इंडिकेटर भराभर लुकलुकायला लागला की स्टिअरिंगखालचा स्विच गेला, तो बदला’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो पटण्यासारखा वाटतो, कारण हात स्विचलाच लागतो. पण दोष बहुतेक वेळा बल्बपाशी असतो.

इंडिकेटर मिनिटाला साधारण 60 ते 120 वेळा लुकलुकतो. पुढचा-मागचा बल्ब सहसा 21 वॅटचा. त्यातला एक गेला की वीज कमी ओढली जाते, फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या भागाला, ते कळतं आणि तो मुद्दाम वेग वाढवतो. म्हणजे ही चालकाला दिलेली सूचनाच. साध्या बल्बऐवजी एलईडी बसवला तरी असंच होऊ शकतं.

आता चारही इंडिकेटर एकदम लावणारं बटण दाबा आणि गाडीभोवती फेरी मारा. एखादा बंद दिसला तर त्याचा होल्डर उघडून पाहा. गोव्यात किनाऱ्याची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. आत हिरवट बुरशीसारखा थर हमखास सापडतो. तो खरवडला, बल्ब बदलला की बहुतेकदा काम होतं.

चारही व्यवस्थित लागतात, पण स्टिअरिंगखालची इंडिकेटरची दांडी एका बाजूला केल्यावर त्या बाजूला काहीच लागत नाही, किंवा दांडी हलवली की मधूनच लागतं? तर मात्र स्विचवर संशय घ्या. तो घरी बदलायचा असेल आणि स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल, तर कृपा करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावू नका.