प्रतिक्रिया नेमकी कोणावर?

टेबलावर पुस्तक ठेवलंय. पुस्तकाचं वजन खाली, टेबलाचा रेटा वर, दोन्ही सारखे. म्हणून ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी, असं अनेक जण बिनदिक्कत सांगतात. ते साफ चूक आहे. ही दोन्ही बलं पुस्तकावरच लागतात आणि न्यूटनने १६८७ साली मांडलेल्या तिसऱ्या नियमातली जोडी कधीच एका वस्तूवर नसते: एका वस्तूने दुसरीवर बल लावलं, की दुसरी पहिलीवर तेवढंच उलट बल लावते.

जोडी शोधायची तर नावांची अदलाबदल करा. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते, तर पुस्तक पृथ्वीला वर ओढतं. अर्धा किलोच्या पुस्तकासाठी दोन्हीकडे सुमारे ४.९ न्यूटन (न्यूटन हे बलाचं एकक). पुस्तक टेबलावरून खाली पडलं, तरी पृथ्वी हललेली जाणवत नाही, ती तिच्या प्रचंड वस्तुमानामुळे.

वजन आणि रेटा नेहमी सारखे नसतात, हे लिफ्टमध्ये कळतं. ६० किलोच्या माणसाचं वजन ५८८ न्यूटन. लिफ्ट दर सेकंदाला १ मीटर प्रति सेकंद इतका वेग घेत वर निघाली की पायाखालची फरशी त्याला ६४८ न्यूटनने रेटते. त्याचे पायही फरशीला तेवढ्याच, ६४८ न्यूटनने दाबतात. खरी जोडी ही.

प्रतिक्रिया काट्यावर मोजताही येते. १ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पाऊण ग्लास पाणी ठेवा आणि आकडा टिपून घ्या. (शून्य करू नका, शून्याजवळचा हळू बदल काही काटे आपोआप पुसून टाकतात.) आता ८० ग्रॅमचा भरीव लोखंडी नट दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा काचेला तो टेकता कामा नये, नाहीतर त्याचा थोडा भार थेट ग्लासवर जातो आणि आकडा फुगतो.

आकडा वाढतो, पण जेमतेम १० ग्रॅमने. नटने सुमारे १० मिलिलिटर पाणी बाजूला सारलं. तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकं प्लावक बल पाण्याने नटला वर लावलं, आणि नटने पाण्याला तितकंच खाली दाबलं. काटा दाखवतो तो हा दाब. उरलेला ७० ग्रॅमचा भार दोऱ्यावर, म्हणजे तुमच्या बोटांवर आहे. दोरा सैल सोडून नट तळाशी टेकवला, की वाढ पूर्ण ८० ग्रॅमची होते.