मुवक्किल, हमजाद, जिन : एका शब्दाच्या गुंत्याची पार्श्वभूमी

नागपुरात ‘मुवक्किल’ म्हटलं की आधी कोर्ट आठवतं. वकिलाचा अशील तो मुवक्किल. मोमिनपुऱ्यात किंवा कामठीत एखाद्या जुन्या आमिलाच्या, म्हणजे मंत्र-तावीज करणाऱ्याच्या, तोंडी हाच शब्द आला, तर तो चाळीस दिवसांच्या चिल्ल्यानंतर, म्हणजे एकांतातल्या साधनेनंतर, ‘हाजिर’ होणाऱ्या अदृश्य शक्तीबद्दल असतो. जिनांच्या साधनेविषयी आपल्याकडे जे बोललं जातं त्यातला निम्मा गोंधळ या शब्दात आहे, म्हणून सुरुवात इथूनच.

अरबीत शब्द दोन आहेत. काम सोपवणारा तो मुवक्किल, आणि ज्याच्यावर काम सोपवलं तो मुवक्कल. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे कागदावर दोन्ही सारखेच दिसतात आणि वाचणारा संदर्भाने ओळखतो. देवनागरीत मात्र वेलांटी द्यायची की नाही, हे ठरवावंच लागतं. माझा अंदाज असा की या साधनेच्या चोपड्या देवनागरीत उतरल्या तेव्हा कोर्टातला सवयीचा उच्चारच बसला. ज्याला काम नेमून दिलंय तो फरिश्ता, म्हणजे देवदूत, कागदोपत्री काम सांगणारा झाला. चूक वेलांटीची, पण ‘माझ्याकडे मुवक्किल आहे’ असं कोणी सांगितलं की नेमकं कोण कोणाकडे आहे, हे कळेनासं होतं.

मूळ पद्धतीत असा घोळ नव्हता. सोळाव्या शतकात ग्वाल्हेरच्या, शत्तारी पंथातल्या एका सूफीने ‘दावत’, म्हणजे ईश्वरी नावं ठरावीक संख्येने पढण्याची रीत, फारसीत सविस्तर मांडली. या परंपरेतल्या तक्त्यांत प्रत्येक अक्षरापुढे अब्जदचा (अक्षरांना अंक देण्याच्या पद्धतीतला) अंक, तत्त्व, ग्रह, रास, धूप असे रकाने असतात आणि त्यांच्या जोडीला फरिश्ता आणि जिन असे दोन वेगळे रकाने. अलिफचा अंक १, फरिश्ता इस्राफील. बेचा अंक २, फरिश्ता जिब्राईल. दोघांच्या जिनांची नावं निराळी. १८३२ साली इंग्रजीत छापल्या गेलेल्या, दक्षिणेतल्या मुसलमानांच्या चालीरीतींवरच्या पुस्तकातही दावतीचे टप्पे आहेत : निसाब, जकात, उश्र, कुफ्ल. ही जकात दानाची नव्हे, पठणाच्या संख्येची. साधना जलाली, म्हणजे उग्र, असेल तर मांस, मासे, अंडी, मध बंद. जमाली, म्हणजे सौम्य, असेल तर दही, लोणी, सिरका, मीठसुद्धा बंद. एवढं पथ्य आज कोण पाळतो, हा प्रश्न अस्थानी नाही.

तिसरा शब्द हमजाद. हा जिन नव्हे, निदान बाहेरचा तरी नव्हे. माणसाबरोबरच जन्मलेला त्याचा जोडीदार अशी कल्पना आहे, आणि त्याची साधना पाठीशी दिवा ठेवून स्वतःच्या सावलीकडे टक लावून करतात. आपल्या बोलण्यात हे तिन्ही ‘जिन’ या एकाच पोत्यात जातात, आणि मराठी घरांत तर तोही ‘जिंद’ होऊन खवीस-मुंजाच्या रांगेत बसतो.

धर्मशास्त्राचा आक्षेप जुनाच आहे. माणसं जिनांचा आश्रय घेत आणि त्याने भलतंच वाढलं, असं कुराणाच्या ७२व्या सुऱ्यात सहाव्या आयतीत येतं. अनेक उलेमा त्यावर बोट ठेवतात; आमिल जिनांवर हुकूमत असलेल्या सुलैमान पैगंबराचं उदाहरण देतात. सुलैमानाला ते राज्य मागून मिळालं होतं, चिल्ला करून नव्हे, एवढं मात्र आमिलांनी लक्षात घ्यायला हरकत नाही.

शहराचा या विषयाशी संबंध जोडताना लोक लगेच ताजबागेचं नाव घेतात. तिथल्या ताजुद्दीन बाबांना १८९२ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं, १९०८ मध्ये भोसल्यांनी बाहेर आणलं, १९२५ मध्ये ते गेले. त्यांची कीर्ती जिन बाळगण्याची नव्हती. दुकानदारांनी ती पुढे चिकटवली.

खरा वाद अलीकडचा. जादूटोणाविरोधी कायदा आधी अध्यादेश म्हणून आला, मग डिसेंबर २०१३ मध्ये इथल्याच हिवाळी अधिवेशनात मंजूर झाला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार. अनुसूचीत भुताला आवाहन करून घबराट पसरवणं आणि औषधोपचारापासून रोखणं येतं; पण त्याच कायद्यात घर, मंदिर, दर्गा इथल्या धार्मिक विधींना सूट आहे. मग आपल्या खोलीत हिसार, म्हणजे संरक्षणाचं रिंगण, ओढून एकट्याने पढत बसणारा कुठे मोडतो? माझ्या वाचनाप्रमाणे तो सुटतो. तोच शेजारणीला ‘तुझ्यावर जिन सोडतो’ म्हणाला, की सापडतो. मधली जागा मोठी आहे. २०२३ च्या जानेवारीत एका कथावाचकाच्या दरबाराविरुद्ध शहरात तक्रार झाली, तेव्हा पोलिसांनी चित्रफिती पाहून गुन्हा होत नाही असं कळवलं. सुटीचं कलम किती ताणायचं हा वाद तेव्हा पुन्हा तापला.

दरम्यान इजाजत, म्हणजे साधनेची परवानगी, बदलली. पूर्वी ती उस्तादाच्या तोंडून मिळे, बरीच वर्षं पाणी भरल्यावर. आता चित्रफितीच्या शेवटी ‘सर्वांना आम इजाजत’ अशी एक ओळ येते.

माझ्याकडच्या एका देवनागरी चोपडीत तोच अक्षरांचा तक्ता आहे. फरिश्ता आणि जिन यांचे दोन रकाने मात्र एकच झालेत. वर शीर्षक : मुवक्किल-जिन. खाली पहिलंच नाव इस्राफील.