चंद्रज्योतीच्या बिया आणि उलटीचा प्रश्न

'चंद्रज्योतीच्या बिया खाल्ल्याने विद्यार्थ्यांना विषबाधा.' या बातमीचा साचा आता पाठ झाला आहे. मधली सुट्टी, कुंपणाकडेची झाडे, शेंगदाण्यासारखी गोडसर चव, तासा-दोन तासांत उलट्या, मग ग्रामीण रुग्णालय आणि शेवटी 'सर्वांची प्रकृती स्थिर'.

झाड मूळचे मध्य अमेरिकेकडचे. गुरे त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून आपल्याकडे ते कुंपणाला आले आणि तिथेच राहिले. मुलांच्या वाटेत ते मोठ्या संख्येने आले ते त्याच्या बियांच्या तेलापासून बनणाऱ्या बायोडिझेलमुळे. 2003 मध्ये केंद्राच्या एका समितीने 2011-12 पर्यंत डिझेलमध्ये 20 टक्के जैवइंधन मिसळण्याचे उद्दिष्ट मांडले आणि त्यासाठी पडीक जमिनीवर चंद्रज्योत लावायची शिफारस केली. पुढे 2009 च्या धोरणाने तीच 20 टक्क्यांची मुदत 2017 वर नेली. ओसाड गावी एरंड बळी ही म्हण इतकी शब्दशः क्वचितच कुणी अमलात आणली असेल. झाड विषारी आहे हे तेव्हाही माहीत होते. गुरे खात नाहीत हा तर त्याचा गुण म्हणूनच सांगितला जाई. शाळेतली पोरे खातील, हा विचार मात्र मागे पडला. तेलाचे गणित जमले नाही, योजना विरली, झाडे उभी राहिली.

नावाचाही गुंता आहे. याच झाडाला मोगली एरंड म्हणतात. एरंडेल घराघरात माहीत असल्याने 'एरंड खाल्ला' म्हटल्यावर आईवडिलांना वाटते, फार तर पोट साफ होईल. तेच शब्द ऐकून डॉक्टरला रिसिन आठवते, कारण खऱ्या एरंडाच्या बीमध्ये ते जहाल विष असते. चंद्रज्योतीत त्याच्याच कुळातले पण सौम्य कर्सिन आणि आतड्याला जाळणारी इतर द्रव्ये असतात. एरंडाची बी चकचकीत आणि ठिपकेदार, चंद्रज्योतीची काळपट आणि निस्तेज. दोन्हींवर उतारा नाही. उपचार म्हणजे सलाईन आणि देखरेख; पण किती काळ डोळ्यांत तेल घालून बसायचे, हे बी कोणती यावर ठरते.

सगळ्यात जास्त वाद झाला तो उलटी करवण्यावरून. विष पोटात गेले की ते बाहेर काढायचे, हा विचार जुनाच. चरकसंहितेत विषावरचे जे 24 उपक्रम दिले आहेत त्यांत वमन आहे. गावात त्याची सोपी आवृत्ती झाली: मिठाचे पाणी पाजा, घशात बोटे घाला. आधुनिक वैद्यकही बराच काळ याच मताचे होते. अमेरिकेत 1965 पासून उलटी करवणारे इपेकॅकचे सरबत चिठ्ठीशिवाय मिळू लागले आणि लहान मुलांच्या घरात ते असावे असा सल्ला दिला जाई. हळूहळू लक्षात आले की उलटीने विषाचा थोडाच भाग बाहेर पडतो, तोही प्रत्येकात वेगळा, आणि त्याने रुग्ण बरा होण्यात फरक पडतो याला पुरावा नाही. 1997 मध्ये युरोप-अमेरिकेतील विषतज्ज्ञांनी इपेकॅकच्या सरसकट वापराविरुद्ध मत दिले. 2003 मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी ते घरात ठेवूच नका असे सांगितले.

मिठाच्या पाण्याची गोष्ट त्याहून गंभीर. उलटी झाली नाही तर ते सारे मीठ अंगात भिनते, रक्तातले सोडियम चढते, मुलाला झटके येतात. धोतऱ्याचे बी खाल्लेले मूल आधीच बरळत, गुंगीत असते. त्याला उलटी करवली तर ती श्वासनलिकेत जाण्याची भीती. चंद्रज्योतीत तर उलट्या आपोआपच सुरू होतात. तिथे पुन्हा मीठपाणी पाजणे म्हणजे कोरड्या पडत चाललेल्या मुलाला आणखी कोरडे करणे. सल्ला बदलून वीसेक वर्षे झाली तरी घाबरलेल्या माणसाचा हात मिठाच्या डब्याकडेच जातो. काहीतरी केल्याचे समाधान मोठे असते.

रानातल्या अळंब्यांच्या बाबतीत हा वाद जवळजवळ निरर्थक ठरतो. यकृत निकामी करणाऱ्या अमानिटा गटातील अळंब्यांची लक्षणे सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा दिसतात. शिजवल्याने ते विष जात नाही. मधे एखादा दिवस बरे वाटते आणि मग कावीळ दिसू लागते. खाल्ल्यावर लगेच उलट्या झाल्या तर पुष्कळदा अळंबी दुसऱ्या, कमी घातक जातीची निघते. पण दोन प्रकारच्या अळंब्या एकत्र रांधल्या असतील तर हा आडाखाही चुकतो.

रुग्णालयात नेण्यातली एक जुनी अडचण अजून आहे. ब्रिटिश काळात वनस्पतिविषाकडे गुन्हा म्हणून पाहिले गेले. धोतरा खाऊ घालून वाटसरूंना लुटण्याची प्रकरणे तेव्हाच्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत भरपूर सापडतात. त्याची छाया आजही आहे. विषबाधा म्हटले की एमएलसी, म्हणजे पोलिसांत नोंद. ती रीतसर बाब असली तरी चौकशीच्या धास्तीने 'काय खाल्ले' हे सांगायला घरचे कचरतात. 2014 पासून राज्यात 108 ची रुग्णवाहिका आल्याने निदान पोहोचणे सोपे झाले. आता शिक्षकांना एवढेच सांगितले जाते: तोंडातले उरलेले काढून टाका, चूळ भरायला लावा, मूल गुंगीत असेल तर कुशीवर झोपवा, आणि झाडाची फांदी किंवा उरलेल्या बिया मुलाबरोबर पाठवा. अळंबी असेल तर कागदात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्हे. तिथे ती सडते आणि ओळखायला काही उरत नाही.