आधी वरचा मजला, मग खालचा : मायामीच्या ‘बार्नेकल’ची गोष्ट

घराचा वरचा मजला १८९१ चा आणि खालचा १९०८ चा, हे ऐकताना कोणीतरी सनावळीत घोळ घातलाय असं वाटतं. घोळ नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिण किनाऱ्यावर, आजच्या मायामीतल्या कोकोनट ग्रोव्ह भागात राल्फ मनरो यांचं ‘बार्नेकल’ नावाचं हे घर उभं आहे. कुटुंब वाढलं, जागा पुरेना, तेव्हा त्यांनी घर पाडलं नाही की बाजूला खोल्या काढल्या नाहीत. अख्खं घर जॅक लावून वर उचललं आणि त्याच्याखाली नवा मजला बांधला. होड्यांचे आराखडे करणाऱ्या माणसालाच हे सुचावं. होडी दुरुस्तीला काढतात तेव्हा तीही आधी उचलून ठेवावीच लागते.

मनरो यांचा जन्म १८५१ चा, वाढले न्यूयॉर्क परिसरात. १८७७ मध्ये ते पहिल्यांदा इथल्या बिस्केन उपसागरावर आले. तेव्हा तिथे मायामी नावाचं शहर नव्हतं. रस्ता नव्हता, रेल्वे नव्हती. किराणा, औजारं, टपाल सगळं होडीतून येई आणि मोठी बाजारपेठ म्हणजे दूर दक्षिणेचं की वेस्ट बेट. विखुरलेली थोडी घरं, आतल्या दलदलीच्या मुलखात सेमिनोल या आदिवासी लोकांच्या वस्त्या, एवढंच. ‘आद्य वसाहतकाराचं घर’ असं या वास्तूला म्हणतात, पण त्याआधी कित्येक शतकं या किनाऱ्यावर टेकेस्टा हे मूळ रहिवासी राहून गेले होते, हे लक्षात ठेवूनच तो शब्द वापरावा.

दुसऱ्यांदा ते आले ते नाइलाजाने. पत्नी ईव्हा क्षयाने आजारी होती. उबदार हवेत बरं वाटेल या आशेने १८८१ मध्ये तिला आणि तिच्या आजारी बहिणीला घेऊन ते मायामी नदीच्या मुखाशी तंबू ठोकून राहिले. १८८२ मध्ये ईव्हा तिथेच गेली. बहिणीलाही परतीच्या वाटेवर मरण आलं. ज्या किनाऱ्याने इतकं हिरावून घेतलं त्याच किनाऱ्यावर पुढे हा माणूस जन्मभर राहिला, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत विलक्षण वाटतं.

परिसर वसायला सुरुवात झाली ती चार्ल्स आणि इझाबेला पीकॉक या इंग्लिश दांपत्यामुळे. मनरो यांनीच आग्रह धरल्यावर त्यांनी तिथे उतरण्याची सोय असलेलं हॉटेल काढलं. १८८६ मध्ये मनरो यांनी उपसागरालगत ४० एकर जमीन घेतली. मोबदला होता ४०० डॉलर आणि त्यांची ‘किंगफिश’ ही शिडाची होडी. पुढच्या वर्षी शिडाच्या होड्या चालवणाऱ्यांचा बिस्केन बे यॉट क्लब निघाला आणि पहिले कमोडोर, म्हणजे क्लबप्रमुख, तेच झाले. जमिनीवर आधी होडीघर उभं राहिलं. राहतं घर त्यानंतर.

घराची रचना कोकणातल्या वाचकाला परकी वाटणार नाही. मूळ घर जमिनीपासून वर खांबांवर होतं, म्हणजे ओल वर चढत नसे आणि खालून वारा वाहे. भोवती रुंद पडवी, त्यामुळे पाऊस आणि ऊन भिंतींपर्यंत पोचत नाही. मधोमध अष्टकोनी खोली. चारही बाजूंनी चढत जाणारं छप्पर टोकाला एका छोट्या झरोक्यात संपतं. आतली गरम हवा वर चढून तिथून निघून जाते आणि तिच्या जागी समुद्रावरचा गार वारा खालून आत येतो. या छपराच्या आकारावरूनच ‘बार्नेकल’ हे नाव पडलं. बार्नेकल म्हणजे जहाजाच्या बुडाला घट्ट चिकटून बसणारा कवचातला समुद्री जीव. लाकूड बरंचसं फुटलेल्या जहाजांचं. खडकांवर आदळलेल्या जहाजांचा माल सोडवणं हा त्या किनाऱ्यावरचा नेहमीचाच धंदा होता, त्यामुळे दारी आलेलं लाकूड वाया जात नसे.

होड्यांतही हीच दृष्टी दिसते. उपसागर उथळ, म्हणून त्यांनी कमी पाण्यात चालणाऱ्या होड्या आखल्या. १८८६ ची २८ फुटी ‘एग्रेट’ त्यांतली सर्वांत नावाजलेली. कॅमेराही त्यांच्या हाती कायम असे. शहर होण्याआधीचा हा किनारा आज डोळ्यांनी पाहता येतो तो मुख्यतः त्यांच्या छायाचित्रांमुळे.

१८९६ मध्ये उद्योगपती हेन्री फ्लॅग्लर यांची रेल्वे मायामीला पोचली, त्याच वर्षी शहराची रीतसर स्थापना झाली आणि चित्र झपाट्याने पालटलं. दलदली उपसल्या, उपसागराचा तळ खणला, भराव घातले. मनरो यांना हे मान्य नव्हतं. १९२५ मध्ये कोकोनट ग्रोव्ह मायामीत विलीन झालं. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमधल्या भीषण चक्रीवादळाने शहराची दाणादाण उडवली. होडीघर गेलं, ते पुन्हा बांधावं लागलं. घर मात्र टिकलं. १९९२ चं ‘अँड्र्यू’ वादळही त्याने सोसलं. मनरो १९३३ मध्ये वारले. १९७३ मध्ये वारसांनी घर फ्लोरिडा राज्याला विकलं. मूळ ४० एकरांपैकी सुमारे ५ एकर आज उद्यान म्हणून राखलेले आहेत, त्यात जुन्या दाट रानाचा तुकडाही आहे. मूळ जागेवरच उभं असलेलं त्या परगण्यातलं हे सर्वांत जुनं घर.

याच गोष्टीचा दुसरा भाग मात्र थोडं आत, चार्ल्स अ‍ॅव्हेन्यूवर आहे. पीकॉक यांच्या हॉटेलात राबायला बहामा बेटांवरून कृष्णवर्णीय माणसं आली. तिथल्यासारखीच चुनखडीची जमीन इथे होती, त्यामुळे या दगडात काय रुजतं, काय बांधता येतं हे त्यांना उत्तरेकडून आलेल्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांच्यातल्याच मरायाह ब्राउन हॉटेलात काम करत. १८९० च्या सुमारास त्यांनी या रस्त्यावर स्वतःचं लाकडी घर बांधलं. म्हणजे ते ‘बार्नेकल’च्याच वयाचं. एकाला राज्याने विकत घेऊन सामानसुमानासह जपलं. दुसरं कितीतरी वर्षं रिकामं राहिलं. कोकोनट ग्रोव्हला गेलात तर दोन्ही दारांपुढे उभे राहा. अंतर पायी जाण्याइतकंच आहे.