विश्वामित्री किती फुटांवर, हे सगळ्यांना ठाऊक; पाण्यात काय आहे, हे कुणाला?

पावसाळ्यात बडोद्यात दोन आकडे घरोघरी तोंडपाठ असतात: आजवा तलावाची पातळी आणि काळा घोडा पुलापाशी विश्वामित्री नदी किती फुटांवर. 26 फूट म्हणजे धोका, हे दांडिया बाजारातल्या शाळकरी पोरालाही माहीत. 2024च्या ऑगस्टअखेर नदी 37 फुटांपर्यंत चढली, तेव्हा दर तासाचा आकडा फोनवर फिरत होता. त्याच पाण्याचा बीओडी किती, म्हणजे त्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते, असे विचारले तर मात्र सगळे गप्प. सरकार तोही मोजते, पण तो गावापर्यंत यायला बराच काळ लागला. आणि प्रत्येक वेळी कुणीतरी रेटल्याशिवाय तो आलेला नाही.

तिसऱ्या सयाजीरावांच्या काळात आजव्याचे पाणी नळाने शहरात आले. तेव्हाची चिंता पुरवठ्याची आणि रोगराईची होती. चित्र पालटले ते 1960नंतर. कोयलीची रिफायनरी 1965ला सुरू झाली, पाठोपाठ खतांचा कारखाना, पेट्रोकेमिकल्स, नंदेसरीची जीआयडीसी म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहत. कारखान्यांचे सांडपाणी मिनी नदीवाटे मही नदीत जाऊ लागले, आणि फाजलपूर, रायका इथल्या महीतल्या फ्रेंच विहिरींमधून, म्हणजे नदीपात्रातल्या वाळूतून पाणी ओढणाऱ्या विहिरींमधून, तर शहर पाणी पिते. यावर तोडगा निघाला तो 1983च्या एफ्लुएंट चॅनलचा: सांडपाण्याचा सुमारे 56 किलोमीटरचा पाट, पादरा आणि जंबुसर तालुक्यांतून सारोदजवळ महीच्या मुखाकडे. शहराच्या डोळ्यांआड झाले, एवढे खरे. पाटाकाठच्या गावांच्या मात्र ते अंगणात आले.

या गावांना विचारण्याचा हक्क होता का? कागदावर होता. पाणी हा राज्यांचा विषय, म्हणून काही राज्यांच्या विधानसभांनी ठराव केल्यावर संसदेने 1974चा जलप्रदूषण कायदा केला. त्या राज्यांत गुजरात होते, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. कायद्याच्या कलम 25मध्ये एक तरतूद आहे, तिची फारशी चर्चा होत नाही: सांडपाणी सोडण्याच्या परवानगीला मंडळाने कोणत्या अटी घातल्या, त्याचे रजिस्टर ठेवायचे आणि ज्याचा संबंध आहे किंवा ज्याला झळ बसते त्याला ते पाहू द्यायचे. आता पादऱ्याच्या शेतकऱ्याने दिवसाची मजुरी बुडवून कचेरी गाठायची आणि रजिस्टर मागायचे! कायदा करणाऱ्यांनी ही वाट कधी चालून पाहिली असेल, असे वाटत नाही.

नद्यांचे देशव्यापी मोजमाप 1978ला सुरू झाले, पण ते शास्त्रज्ञांच्या आणि खात्यांच्या कामाचे राहिले. पुढचा रेटा 2003चा. सर्वोच्च न्यायालयाच्या घातक कचऱ्याबाबतच्या आदेशानंतर कारखान्यांना फाटकाबाहेर फलक लावावा लागला: आत कोणती रसायने, किती सांडपाणी, किती कचरा. नंदेसरीच्या रस्त्याने जाताना असे फलक आजही दिसतात. वाचायला मात्र दुचाकी थांबवून उभे राहावे लागते. मग 2005ला माहितीचा अधिकार आला. त्याच्या कलम 4नुसार खात्यांनी न मागताच माहिती मांडायची होती. प्रत्यक्षात अर्ज करणाऱ्यांचेच काम वाढले.

इथे बडोद्याचा भाग येतो. पर्यावरण सुरक्षा समिती या गुजरातमधल्या संघटनेने 2012ला सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. मुद्दा होता शुद्धीकरण यंत्रणा चालू नसताना कारखाने कसे चालतात, हा. 22 फेब्रुवारी 2017च्या निकालात न्यायालयाने त्याबाबत मुदती घातल्याच, शिवाय सततच्या ऑनलाइन मोजणीचे आकडे राज्य मंडळांनी आपल्या पोर्टलवर सर्वांना दिसतील असे ठेवावेत, असेही सांगितले. माझ्या मते 1974च्या त्या रजिस्टरनंतरची हीच खरी मोठी पायरी: ‘तुला झळ बसते का’ हा प्रश्नच गळून पडला.

तरी एक तांत्रिक मेख उरते. बीओडीची चाचणी प्रयोगशाळेत 27 अंशांवर तीन दिवस चालते. कारखान्याच्या पाइपवरचे यंत्र दर काही मिनिटांनी जो बीओडी दाखवते तो प्रकाशाच्या शोषणावरून काढलेला अंदाज असतो, आणि यंत्राचे कॅलिब्रेशन, म्हणजे प्रमाणित नमुन्याशी जुळवणी, बिघडले की अंदाजही बिघडतो. नदीचे नमुने मात्र ठरावीक काळाने बाटलीत भरून जातात. म्हणून पोर्टलवरचा ताजा आकडा कारखान्याचा असतो, नदीचा नव्हे.

नदीचा आकडा यादीतून येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018च्या यादीत देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे होते, आणि विश्वामित्री पहिल्या, म्हणजे सर्वांत वाईट गटात होती: बीओडी लिटरला 30 मिलिग्रॅमच्या वर, जिथे आंघोळीच्या पाण्याला 3ची मर्यादा आहे. त्या वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने, बातमीवरून स्वतःहून दखल घेतली आणि राज्यांकडून कृती आराखडे मागवले. ते आराखडे आज कुणीही उघडू शकतो. पण 2022ची यादी आली ती 2019 आणि 2021च्या नमुन्यांवर. असा अहवाल हाती आला की आधी पाहायचे ते नमुना कोणत्या महिन्यात आणि कोणत्या पुलाखाली घेतला. पावसाळ्यातला आणि मे महिन्यातला विश्वामित्रीचा बीओडी सारखा कसा असेल?